नवी भयपुरवणी घ्यावी का? चाहत्यांच्या प्रतिक्रिया कशा वाचाव्यात

ऐरोलीच्या एका वाचकाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांचा पाच जणांचा गट गेली दोन वर्षे दर रविवारी ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ खेळतो. टेबलाभोवती बसून एकाने गोष्ट मांडायची आणि बाकीच्यांनी एकेक पात्र होऊन, फासे टाकत ती पुढे न्यायची, असा हा खेळ. या खेळासाठी नुकतीच एक भयप्रधान पुरवणी, म्हणजे मूळ नियमांना जोड देणारे पुस्तक, आली असून तिच्याविषयी चाहत्यांची मते दोन टोकांची आहेत. काहींना ती गेल्या कित्येक वर्षांतील सर्वोत्तम वाटते. काही म्हणतात की जुने भय साबण लावून धुऊन काढले आहे, राक्षसांची यादी तेवढी वाढली आहे, भीती मात्र कुठेच वाटत नाही, आणि सावधगिरीच्या सूचनांनीच पाने भरली आहेत. पुस्तक परदेशातून येणारे, म्हणून महाग. अशा वेळी कोणाचे खरे मानावे आणि पैसे घालावेत की नाही, असे त्यांचे विचारणे आहे.

मी ठाण्यात गेली सोळा वर्षे हा खेळ चालवतो. चालवतो म्हणजे बहुतेक वेळा पडद्याआड बसतो. गोष्ट मांडणाऱ्या ज्या माणसाला सगळे डीएम किंवा गेम मास्टर म्हणतात त्याला मी सूत्रधार म्हणतो, कारण नाटकाची सवय असलेल्या माणसाला तो शब्द समजावून सांगावा लागत नाही. या सोळा वर्षांत चार लांबलचक भयमालिका आणि एका संध्याकाळीत संपणारे बरेच खेळ चालवून झाले आहेत, त्यांतील निम्मे फसले आहेत, आणि खाली जे लिहितो आहे ते प्रामुख्याने त्या फसलेल्या निम्म्यांतून शिकलेले आहे.

पहिल्या पंधरवड्यात ज्या प्रतिक्रिया येतात त्या पुस्तक वाचल्याच्या असतात, खेळल्याच्या नसतात. हे तसे कोणत्याही पुरवणीबाबत खरे आहे, परंतु नवी शस्त्रे, नवे मंत्र किंवा नवे वर्ग, म्हणजे पात्रांचे नवे प्रकार, देणारी पुरवणी निदान कागदावर आकडेमोड करून तपासता येते. कोणता मंत्र किती इजा करतो, कोणता वर्ग डोईजड होईल, हे अनुभवी खेळाडूला वाचूनच कळते. भयाची अशी आकडेमोड होत नाही. रात्री जेवणानंतर एकट्याने वाचलेले प्रकरण अंगावर काटा आणते, आणि तेच प्रकरण रविवारी दुपारी चार वाजता, पंखा पूर्ण वेगाने फिरत असताना आणि आजी मधूनच येऊन चहाचे विचारत असताना पाच माणसांसमोर मांडले की टेबलावर हसण्याशिवाय काही उरत नाही.

याच्या उलटही घडते. ‘कॉल ऑफ कथुलू’ हा सँडी पीटरसन यांनी रचलेला आणि केऑसियम या प्रकाशनाने 1981 मध्ये काढलेला खेळ घ्या. त्यात प्रत्येक पात्राला मनःस्थैर्याचे गुण असतात, आणि काही अघोरी दिसले की शंभरापर्यंतचे फासे टाकून ते तपासायचे असतात. सातव्या आवृत्तीत असा नियम आहे की एकाच प्रसंगात पाच किंवा त्याहून अधिक गुण गेले तर पात्राच्या बुद्धीची तपासणी करायची, आणि त्या तपासणीत पात्र यशस्वी झाले तरच त्याचे भान सुटते. बुद्धी कमी पडली तर आपण काय पाहिले हेच त्याला उमजत नाही, आणि ते बचावते. वाचताना हा नियम दोन ओळींचा, अगदी कोरडा आहे. परंतु पात्र तयार करताना ज्याने अभिमानाने प्राध्यापक निवडला आणि बुद्धीला भरभक्कम गुण दिले, तो खेळाडू हातात फासे धरून नापास होण्याची प्रार्थना करतो, तेव्हा खोलीत जी शांतता पसरते ती कोणत्याही वर्णनाने आणता येत नाही. हा नियम वाचून कोणी ‘वा, काय भयानक पुस्तक आहे’ असे म्हटल्याचे मी ऐकलेले नाही.

आपण विचारलेल्या पुरवणीचा धुरळा अजून खाली बसायचा आहे, म्हणून ज्या पुस्तकाचा बसला आहे त्याचे उदाहरण घेतो. त्या वेळच्या प्रतिक्रिया आणि नंतर माझ्या टेबलावर प्रत्यक्षात घडलेले, या दोन्ही गोष्टी मला शेजारी शेजारी ठेवता येतात.

‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’मधील ‘रेव्हनलॉफ्ट’ हे भयाचे प्रकरण 1983 मध्ये एका साहसपुस्तिकेने, म्हणजे खेळायला तयार लिहिलेल्या गोष्टीने, सुरू झाले. ट्रेसी आणि लॉरा हिकमन या दांपत्याने ती लिहिली. बारोव्हिया नावाचा धुक्याने वेढलेला मुलूख, त्यातला एक किल्ला, आणि त्यात स्ट्राड नावाचा रक्तपिपासू सरदार. तोपर्यंत व्हॅम्पायर म्हणजे भुयारातील एखाद्या खोलीत खजिन्याच्या पेटीशेजारी बसलेले आणखी एक संकट होते. या पुस्तिकेने त्याला भूतकाळ दिला, वासना दिली, आणि पत्ते काढून दरवेळी त्याचा हेतू व महत्त्वाच्या वस्तूंच्या जागा बदलण्याची सोय दिली. 1990 मध्ये एका पेटीसंचाने त्या एका किल्ल्याचे संपूर्ण जग केले. त्यात अनेक मुलूख आले, आणि प्रत्येक मुलखाचा एकेक शापित स्वामी, जो तिथला राजाही आणि कैदीही. खेळाच्या पाचव्या आवृत्तीसाठी 2016 मध्ये ‘कर्स ऑफ स्ट्राड’ आले आणि मे 2021 मध्ये ‘व्हॅन रिक्टेन्स गाइड टू रेव्हनलॉफ्ट’ हे 256 पानांचे पुस्तक आले. त्याची छापील किंमत 49.95 डॉलर होती. चाहत्यांत जे तट पडले ते या शेवटच्या पुस्तकावरून, आणि आमच्या गटातही ते पडले.

सर्वांत मोठी ओरड भूगोलाची होती. नव्वदच्या दशकातील रेव्हनलॉफ्टमध्ये बहुतेक मुलूख एकमेकांना लागून होते. त्यांच्यात सीमा होत्या, व्यापार होता, युद्धे होती. 2021 च्या पुस्तकाने तो जोडलेला प्रदेश मोडून प्रत्येक मुलूख धुक्यात तरंगणारे सुटे बेट केला. ज्यांनी तो नकाशा वर्षानुवर्षे वापरला होता, त्यांच्या दृष्टीने ही घरफोडीच होती. वाचताना मीही त्यांच्याच बाजूने होतो. मग मी त्यातला एक मुलूख चालवायला घेतला. पात्रे गावाबाहेर पडली, धुक्यात शिरली, रात्रभर चालली आणि पहाटे त्याच वेशीवर उभी राहिली. तेव्हा मूळच्या गुहागरच्या असलेल्या एका खेळाडूने हातातली पेन्सिल खाली ठेवली आणि तो म्हणाला, ‘हा तर चकवा.’ त्यानंतर त्या धुक्याविषयी मला एक शब्दही बोलावा लागला नाही. रानात वाट फुटू न देणारा, माणसाला गोल गोल फिरवून आणून सोडणारा चकवा त्या टेबलावरील प्रत्येकाने आजोळी कधी ना कधी ऐकलेला होता, आणि ज्या प्रदेशाचा नकाशा आहे तिथे चकव्याला जागा नसते.

तर मग जुने चाहते चुकले होते, असे मी त्या महिन्यात सर्वांना सांगत सुटलो होतो. आठव्या महिन्यात मला ते मागे घ्यावे लागले. सुट्या बेटांमुळे दर तीन-चार बैठकांनंतर धुके यायचे, नवा मुलूख लागायचा आणि मागचे ओळखीचे कोणी उरायचे नाही. शेजारच मुळी नसल्यामुळे एका गावात केलेल्या पापाची बातमी दुसऱ्या गावात पोहोचत नव्हती. शेवटी एक खेळाडू जांभई देत म्हणाला, ‘आता धुके येईल बघा.’ धुके आले. भीती कधीच निघून गेली होती. एका संध्याकाळीपुरत्या खेळाला बेटे चांगली आणि दोन वर्षांच्या मालिकेला जोडलेला मुलूख चांगला, एवढीच त्या वादातली खरी गोष्ट होती. परंतु आपण किती काळ आणि कशा प्रकारे खेळतो हे कोणीच सांगत नसल्यामुळे दोन्ही बाजू एकमेकांना मूर्ख ठरवत राहिल्या.

दुसरा वाद वेडाचा होता, आणि ठाण्यात राहणाऱ्या माणसाला त्यातली एक गोष्ट इतरांच्या आधी कळते. पाचव्या आवृत्तीच्या 2014 च्या सूत्रधार-पुस्तकात वेडाचे तक्ते होते. फासा टाकायचा आणि पात्राला तात्पुरते, दीर्घकाळचे किंवा अनिश्चित काळाचे कोणते वेड लागले ते वाचून दाखवायचे. 2021 च्या पुस्तकाने त्यांच्या जागी भीती आणि ताण यांचे नियम आणले. एका बाजूने ‘सगळे मऊ करून टाकले’ अशी तक्रार झाली, दुसऱ्या बाजूने समाधान व्यक्त झाले. आमच्या शहरात शंभराहून अधिक वर्षे जुने मनोरुग्णालय आहे, आणि त्यामुळे ‘याला ठाण्याला पाठवा’ हा विनोद महाराष्ट्रभर चालतो. जुन्या तक्त्यावर फासा पडला की माझ्या टेबलावर कोणीतरी हा विनोद करणारच, हे ठरलेले होते. सगळे हसायचे आणि तासभर जपून बांधलेला प्रसंग कोसळायचा. एकदा मात्र एक जण हसला नाही. त्याच्या घरातील कोणी त्या रुग्णालयात दाखल होते, हे आम्हांला पुढे कळले. पुढच्या रविवारी तो आला नाही, त्याच्या पुढच्याही नाही. तेव्हापासून तो तक्ता मी वापरत नाही. सभ्यतेचा प्रश्न तर आहेच, पण निव्वळ धंद्याच्या भाषेत बोलायचे तरी ज्या नियमाने भयाचे प्रहसन होते तो भयनियम म्हणून नापासच ठरतो.

नव्या नियमाविषयीची तक्रार मात्र मला मान्य आहे. ताणाचे गुण वाढत जातात आणि पात्राच्या फाशांतून तेवढे वजा होतात, एवढाच तो नियम. वजाबाकीला कोण घाबरेल? शिवाय चौथ्या फेरीनंतर वजा करायचे सर्वांच्याच लक्षातून जाते. मी त्यावर एक उपाय केला. आजीच्या डब्यातले चिंचोके आणले आणि ताणाचा प्रत्येक गुण म्हणजे खेळाडूसमोर एक चिंचोका असे ठरवले. स्वतःसमोरचा ढीग वाढताना सगळ्यांना दिसतो, शेजाऱ्याचाही दिसतो, आणि बोलता बोलता माणसे नकळत तो चाळवू लागतात. नियम तोच राहिला. तो कागदावरून टेबलावर आला, एवढाच फरक. पुस्तक वाचून मत देणाऱ्याला हा फरक दिसणे शक्यच नव्हते.

आता त्या पुस्तकातील ज्या भागाने माझे सर्वांत जास्त डोळे उघडले त्याविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण आपला गट मराठी आहे आणि नव्या पुरवणीतही असे काही असण्याचा संभव आहे. कालकेरी नावाचा भारतीय धाटणीचा एक मुलूख या पुस्तकात आहे. जुन्या रेव्हनलॉफ्टमध्येही राक्षसाच्या सत्तेखालचा एक भारतीय वळणाचा मुलूख होता. तो नव्याने रचून अजित जॉर्ज यांनी कालकेरी लिहिले. रम्या वासवदन ही तिथली महाराणी, जी मृत्यूनंतरही गादी सोडत नाही, आणि त्या गादीसाठी तिच्याशी अखंड लढणारी तिची दोन भावंडे, अरिजानी आणि रीवा. परदेशातील, विशेषतः अमेरिकेत वाढलेल्या भारतीय वंशाच्या चाहत्यांना या भागाचा मनापासून आनंद झाला, आणि तो समजण्यासारखा आहे. ज्याला या खेळात आपल्यासारखे नाव असलेले पात्र कधी भेटलेच नाही, त्याला राणीचे नाव रम्या असणे हीच मोठी गोष्ट वाटते.

माझ्या टेबलावर पहिल्या बैठकीत कालकेरी साफ पडले. मी गंभीर आवाजात ‘महाराणींचा दरबार’ म्हणालो आणि दोघांनी एकदम दूरदर्शनवरील पौराणिक मालिकेतील शंख वाजवून दाखवला. राक्षस हा शब्द तर आमच्याकडे लहान मुलाला ‘राक्षसासारखा खातोस’ म्हणण्यापुरता उरला आहे. जे नाव परक्या कानाला गूढ वाटते ते आपल्या कानाला घरचे वाटते, आणि घरच्या माणसाला कोणी घाबरत नाही. मी पुस्तक मिटले आणि आठवडाभर विचार केला.

पुढच्या बैठकीत दरबार, सिंहासन, राक्षस हे सगळे मी मागे ठेवले आणि भाऊबंदकी पुढे आणली. रीवा ही बहीण रात्री पात्रांच्या मुक्कामी येते, कोणालाही दुखवत नाही, खेळाडूंना दादा आणि ताई म्हणते, आणि वडिलांच्या शेवटच्या दिवशी खोलीत कोण कोण होते एवढेच सांगून ‘उद्या विचारले तर तुम्ही हेच सांगा’ अशी विनंती करते. दुसऱ्या रात्री भाऊ अरिजानी येतो, तितक्याच प्रेमाने, वेगळी यादी घेऊन. तिसऱ्या दिवशी स्वतः रम्या जेवायला बोलावते, आपल्या हाताने वाढते आणि विचारते, ‘तुम्ही कोणाचे?’ टेबलावरच्या पाचपैकी तिघांच्या घरी सातबाऱ्यावरून किंवा वाटणीवरून एक पिढी बोलेनाशी झालेली आहे. त्या जेवणाच्या प्रसंगात एकाही फाशाला हात लागला नाही आणि कोणी हसलेही नाही. एक खेळाडू नंतर मला म्हणाली की तिला आपल्या मोठ्या काकूंच्या घरचे ताट आठवले. मुद्दाम सांगायचे म्हणजे हे सगळे पुस्तकात होते. तीन भावंडे, एक गादी आणि न संपणारे भांडण ही सामग्री लेखकाने दिलेलीच होती. तिचा आपल्या बाजूचा दरवाजा कोणता, एवढे मला शोधावे लागले. तेव्हा ‘भारतीय भाग आहे म्हणून आपल्याला भावेल’ किंवा ‘भारतीय भाग परक्यांसाठी लिहिलेला आहे’, यांपैकी कोणतीही प्रतिक्रिया वाचून निर्णय करू नये. त्या मुलखात कोणाला काय हवे आहे आणि ते कोण अडवते आहे, हे स्पष्ट लिहिलेले आहे का, ते पाहावे.

शापित स्वामींना युद्धासाठी स्वतःचे स्वतंत्र आकडे दिले नाहीत, राक्षसांच्या मूळ पुस्तकातील तयार आकडे वापरायला सांगितले, ही त्या वेळची आणखी एक मोठी तक्रार. यावर फार वेळ घालवत नाही. भयाच्या दृष्टीने ती तक्रार गैरलागू आहे, कारण ज्या खलनायकाची जीवशक्ती मोजता येते त्याला खेळाडू मोजतातच आणि मग मारतात. श्रमाच्या दृष्टीने मात्र ती अगदी रास्त आहे. महापे किंवा तुर्भ्याला नोकरी करून रविवारी सकाळी तयारीला बसणाऱ्या सूत्रधाराने एवढे पैसे मोजल्यावर आकडे पुन्हा स्वतःच का जुळवावेत?

सावधगिरीच्या सूचनांवरून आज जी चेष्टा होते आहे ती 2021 मध्येही झाली होती. खेळ सुरू करण्यापूर्वीची चर्चा, कोणते विषय टाळायचे याची यादी, प्रसंग थांबवण्यासाठी टेबलावर ठेवायचे कार्ड, हे सगळे अनेकांना लाड वाटले. माझा अनुभव असा की आपल्याकडे ही पद्धत जशीच्या तशी चालत नाही, परंतु तिची गरज आहे. आपल्या टेबलावर कोणाचा चुलतभाऊ असतो, कोणाची मेहुणी असते. ‘मला या गोष्टीची भीती वाटते’ असे चारचौघांत कोणी सांगत नाही. म्हणून मी भिशीसारख्या चिठ्ठ्या टाकायला सांगतो, नावाशिवाय, आणि त्या एकट्याने वाचतो. एकदा दोन चिठ्ठ्यांवर एकच गोष्ट निघाली, घरात चढत जाणारे पाणी. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला, त्या दिवशी हे दोघे शाळकरी वयाचे होते. माझ्या साहसात तळघरात पाणी भरण्याचा प्रसंग होता. मी पाण्याच्या जागी माती घातली. प्रसंग सौम्य झाला नाही, उलट अधिक भयंकर झाला, कारण काय टाळायचे हे ठाऊक असल्यामुळे बाकी कुठेही मला हात आखडता घ्यावा लागला नाही. ज्या प्रतिक्रियेत ‘सूचना आहेत म्हणून भीती नाही’ असे लिहिलेले असेल, तिच्या लेखकाने त्या सूचना वापरलेल्या नाहीत असे खुशाल समजावे.

एक आक्षेप मात्र मला पूर्णपणे खोडता येत नाही. तो असा की या खेळाच्या पाचव्या आवृत्तीचा पिंडच वीरश्रीचा आहे आणि त्यावर भयाची कोणतीही पुरवणी ठिगळासारखीच दिसणार. निम्म्या पात्रांना अंधारात दिसते, म्हणजे अंधार संपला. रात्रभर झोप घेतली की सगळी जीवशक्ती परत येते, म्हणजे जखम संपली. दहाव्या पातळीचा पॅलाडिन, म्हणजे धर्मयोद्धा, शुद्धीवर असेपर्यंत त्याच्याजवळ उभ्या असलेल्या कोणालाही भयग्रस्त करता येत नाही, आणि त्यापुढे ‘हीरोज फीस्ट’ हा मंत्र मिळाला की अख्खा गट जेवून उठतो तो दिवसभर निर्भय असतो. पुरवणीचे लेखक यावर पांघरूण घालू शकतात, उपाय करू शकत नाहीत, कारण मूळ नियम मोडण्याची त्यांना मुभा नसते. म्हणून नव्या पुरवणीतील पहिली प्रकरणे खेळाडूंना आणखी सामर्थ्य देत असतील, तर चाहत्यांनी त्यांचे कितीही कौतुक केलेले असले तरी भयाच्या खात्यात ती प्रकरणे जमा करू नयेत. ज्या चाहत्याला नवी वंशावळ, नवा शाप आणि त्यासोबत मिळणारी शक्ती आवडली, त्याची पसंती खोटी नाही. त्याला हवी असलेली गोष्ट मात्र आपल्याला हव्या असलेल्या गोष्टीहून वेगळी आहे. ज्यांना निखळ भय हवे आहे त्यांनी खरे तर वेगळे खेळही पाहावेत. ‘ड्रेड’ या खेळात फासे नसतातच, लाकडी ठोकळ्यांच्या जेंगा मनोऱ्यातून एकेक ठोकळा काढायचा, आणि ज्याच्या हातून मनोरा पडेल त्याचे पात्र खेळातून जाते. तिथे हात खरोखर थरथरतो, थरथरण्याचे वर्णन करावे लागत नाही.

हे सगळे लक्षात घेऊन आपल्या समोरच्या प्रतिक्रिया पुन्हा वाचा. प्रत्येकीत एक गोष्ट शोधा, लिहिणाऱ्याने हे चालवले आहे का. ‘आमच्या टेबलावर’, ‘दुसऱ्या बैठकीत’, ‘आमच्यातला एक जण’ असे शब्द ज्यात नाहीत ती प्रतिक्रिया वाचकाची आहे. ती छपाई, चित्रे, भाषा आणि जुन्या इतिहासातील बदल यांबाबत ग्राह्य धरा, भयाबाबत नको. मग बोलणारा कोणत्या खुर्चीत बसतो ते पाहा, कारण सूत्रधार आणि खेळाडू एकाच पानाविषयी उलट बोलू शकतात आणि दोघेही खरे असू शकतात. ‘भीती वाटत नाही’ या वाक्यावर थांबू नका. त्याच्या पुढच्या वाक्यात बहुधा खरी तक्रार असते, आणि ती अनेकदा ‘माझे जुने पुस्तक निरुपयोगी झाले’ अशी निघते. आपल्याकडे जुने पुस्तकच नसेल तर ती तक्रार आपल्याला लागू होत नाही.

पैशांविषयी माझे मत असे आहे. आपला गट दोन वर्षे खेळलेला आहे, परंतु पत्रावरून भयप्रसंग एकदाही खेळलेला दिसत नाही. तेव्हा लगेच पुस्तक मागवू नये. आधी अनुक्रमणिका मिळवून त्यात एखादे तयार, छोटे, पहिल्या दोन-तीन पातळ्यांचे साहस आहे का ते पाहावे. 2021 च्या पुस्तकात तसे एक झपाटलेल्या घराचे साहस होते आणि माझ्या मते नवख्या सूत्रधारासाठी त्या पुस्तकाची अर्धी किंमत तेवढ्यातच वसूल होत होती. तसे साहस नसेल, नुसते मुलूख आणि राक्षस असतील, तर मालिका रचण्याचा वेळ आपल्यापैकी कोणाकडे आहे हे स्वतःला प्रामाणिकपणे विचारावे. दरम्यान घरातल्या घरात तीन तासांची एक बैठक करून पाहावी. दुपारी नको, दिवेलागणीनंतर, पंखा आणि मोबाइल बंद ठेवून, आणि शक्य तर पावसाळ्यात. येऊरला जाऊन खेळण्याची कल्पना कोणी मांडली, आणि कोणी ना कोणी ती मांडतेच, तर ती मोडून काढा. तिथे राष्ट्रीय उद्यानाची हद्द आहे, बिबट्या आहे, आणि बिबट्या आपल्या पाळीची वाट पाहत नाही. त्या बैठकीत निदान दोन जण गप्प झाले तर भयपुरवणी आपल्या गटाला पचेल असे समजून वर्गणी काढा.

वर्गणी पाच जणांची असली तरी पुस्तक सूत्रधाराच्याच घरी राहील, हे पैसे गोळा करण्यापूर्वीच ठरवून घ्या. बाकीच्या चौघांना वाईट वाटेल. त्यांना चित्रे दाखवा, नियमांची पाने दाखवा, मुलखांची पाने दाखवू नका. आणि त्या चौघांना आजपासूनच त्या पुरवणीवरील चर्चा वाचणे थांबवायला सांगा, कारण बाजू घेऊन भांडणारे चाहते आपला मुद्दा पटवताना कोणत्या मुलखाच्या स्वामीने काय केले होते हे पहिल्याच ओळीत सांगून मोकळे होतात.